लिहून तयार, पण न दिलेलं जर्नल: हुशार मुलांचा परफेक्टपणा आणि घर

प्रश्न: आम्ही साखळीजवळ राहतो. मुलगा फोंड्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर असतो. दहावीला ९६ टक्के होते, बारावीलाही तसेच. या सेमिस्टरला एका विषयाचं टर्मवर्क त्याने दिलंच नाही. त्याचं जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, लिहून तयार होतं, मी स्वतः पाहिलं. विचारलं तर म्हणतो, ‘अजून नीट झालं नव्हतं.’ त्याचे बाबा प्राथमिक शिक्षक. घरात शिस्त आहे, पण आम्ही कधी हात उगारला नाही की अभ्यासाची सक्ती केली नाही. बाबांच्या नजरेतून एक ऱ्हस्व-दीर्घ सुटत नाही, तोच गुण मुलात उतरला असं सगळे कौतुकाने म्हणायचे. आता तेच नातेवाईक म्हणतात, तुम्हीच दबाव टाकलात. आमचं खरंच चुकलं का? आणि चवथीला, गणपतीसाठी, तो घरी येईल तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं?

उत्तर:

ताई, माझ्याकडे येणाऱ्या अतिशय हुशार मुलांच्या गोष्टी बहुतेक वेळा अशा जर्नलपासूनच सुरू होतात. गेली २२ वर्षं मी पणजीत आणि फोंड्यात कॉलेजच्या मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते आहे. आईवडील पहिल्यांदा येतात ते ‘हल्ली फार आळशी झालाय’ म्हणतच. तुम्ही तो शब्द वापरला नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. आळशी मुलगा जर्नल लिहीतच नाही. तुमच्या मुलाने ते लिहिलं, बहुधा दोनदा लिहिलं, आणि सरांच्या टेबलावर ठेवायच्या वेळी त्याचा हात मागे आला. दिलं असतं तर त्यावर कुणीतरी खूण केली असती. न दिलेल्या जर्नलात चूक सापडत नाही. विषय राहिलेला त्याला परवडला, एक ओळ खोडलेली परवडली नसती. त्याची भीती एवढी मोठी आहे हे आधी लक्षात घ्या.

तुम्ही विचारलंय, आमचं चुकलं का. घराचा वाटा असतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुम्ही तो छडीत, ओरडण्यात, सक्तीत शोधताय आणि तिथे तो सापडत नाही म्हणून बुचकळ्यात पडलाय. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो: घरातली मोठी माणसं स्वतःच्या चुकीचं काय करतात, त्यात.

त्याआधी एक फरक सांगायला हवा. मनाशी उंच निकष ठेवणं वेगळं आणि चुकीची धास्ती घेणं वेगळं. आपण मात्र दोन्हींना ‘त्याला सगळं परफेक्ट लागतं’ असंच म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मानसशास्त्रज्ञ डॉन हॅमचेक यांनी १९७८ मध्ये हा फरक मांडला होता. एका प्रकारच्या माणसाला चांगल्या कामाचा आनंद होतो आणि कधी थोडं कमी पडलं तर तो ते चालवून घेतो; दुसऱ्याला कितीही चांगलं झालं तरी समाधान म्हणून नाही. १९९० मध्ये रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी परफेक्शनिझम मोजायची एक प्रश्नावली तयार केली. तिचे सहा भाग आहेत: चुकांची धास्ती, स्वतःचे निकष, केलेल्या कामाबद्दलची शंका, नीटनेटकेपणा, आणि उरलेले दोन थेट घरातले, आईवडिलांच्या अपेक्षा आणि आईवडिलांची टीका. पुढच्याच वर्षी पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी वेगळी मांडणी केली. स्वतःकडून परिपूर्णता मागणं, दुसऱ्यांकडून मागणं, आणि ‘लोक ती माझ्याकडून मागताहेत’ असं वाटणं, असे तीन प्रकार. हा तिसरा सर्वांत जाचक. त्यातला ‘वाटणं’ हा शब्द नीट वाचा. आईवडिलांनी काय मागितलं यापेक्षा मुलाला काय मागितल्यासारखं वाटलं, हे इथे मोजलं जातं. तुम्ही सक्ती केली नाही हे खरं आणि त्याला सक्ती जाणवली हेही खरं. दोन्ही एकाच घरात नांदू शकतं.

तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं काम क्रिस्टी स्पिअर्स न्यूमाइस्टर यांचं आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या निवडक हुशार विद्यार्थ्यांच्या मुलाखती आहेत: तुमचा हा स्वभाव आला कुठून, असं त्या विचारत गेल्या. ज्यांना लोकांच्या अपेक्षांचं ओझं वाटत होतं, त्यांनी कडक, परिपूर्णतेचा आग्रह धरणारे आईवडील वर्णन केले. पण जे स्वतःच स्वतःकडून परिपूर्णता मागत होते, त्यांच्या सांगण्यात दोन वेगळ्याच गोष्टी आल्या. एक, त्यांनी घरी आईवडिलांना तसं वागताना पाहिलं होतं. दुसरी, लहानपणी त्यांना कधी काही अडलंच नव्हतं. कष्ट न पडता यश मिळत गेलं आणि अपयशाची ओळखच राहून गेली.

ही दुसरी गोष्ट मी गोव्यात रोज पाहते. गावच्या शाळेत पहिला, तालुक्यात पहिला, बक्षीस समारंभात दरवर्षी तेच नाव. मुलगा एकदा वाचतो, त्याला येतं. शेजारच्या मुलाला तीच बेरीज पाच वेळा चुकून सहाव्यांदा जमते, आणि त्या पाच वेळांत तो जे शिकतो ते या हुशार मुलाच्या वाट्याला येतच नाही: अडल्यावर किती वेळ बसायचं, कुणाला विचारायचं, विचारताना लाज कशी गिळायची, चुकलेल्या पानाकडे दुसऱ्या दिवशी परत कसं पाहायचं. मग वयाच्या अठराव्या वर्षी इंजिनीअरिंगला किंवा मेडिकलला पोचल्यावर वर्गात सगळेच आपापल्या गावचे पहिले निघतात. हर्बर्ट मार्श या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये याचं वर्णन लहान तळ्यातला मोठा मासा असं केलं होतं: तळं मोठं झालं की तोच मासा स्वतःला लहान समजायला लागतो, त्याची बुद्धी तेवढीच असूनही. तुमच्या मुलाला कदाचित आयुष्यात पहिल्यांदा एखादा विषय कळला नसेल. आणि ‘मला हे कळलं नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडाला सवयीचंच नाही.

आता घराबद्दल. एक मुलगी मला नेहमी आठवते. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी करत होती. पहिल्याच भेटीत तिने एक वही माझ्यासमोर ठेवली. दोनशे पानांची लाँगबुक, पण हातात घेतली तर पातळ, पुठ्ठ्यामध्ये जेमतेम साठेक पानं. एखादा शब्द खोडावा लागला की ती पान फाडायची. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की शिवणीपलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. म्हणून ती तेही काढायची, आणि त्यावर बरोबर लिहिलेलं सगळं पुन्हा उतरवून काढायची. त्यात पुन्हा एखादा शब्द चुकला की तेही पान गेलं. परीक्षेच्या आदल्या रात्री पहाटे चारपर्यंत तिचं हेच चाले, अभ्यास बाजूलाच. तिची आई शेजारी बसली होती. बराच वेळ त्या वहीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, ‘हे मीच शिकवलं.’ पहिली-दुसरीत असताना गृहपाठात खाडाखोड झाली की ती पान फाडून द्यायची. रागावून कधीच नाही. ‘चल बाय, परत छान लिहूया’ असं म्हणून, मांडीवर घेऊन.

हे सांगताना त्या माउलीला रडू आलं, आणि मला तिचा राग मुळीच आला नाही. ती जे करत होती ते प्रेमाने करत होती. म्हणूनच ते इतकं खोल गेलं.

पुढे बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली. या घरी सकाळी पोळे असायचे, म्हणजे आपले डोशासारखे घावन. तव्यावर पोळा फाटला तर आई तो उभ्याउभ्याच, ओट्यापाशीच खाऊन टाकायची. ताटात फाटका पोळा वीस वर्षांत एकदाही आला नाही. मुलगी हसून म्हणाली, ‘मला वाटायचं आईचे पोळे फाटतच नाहीत.’ मी त्या दोघींना तिथेच थांबवलं. मुलीने लहानपणापासून घातलेला हिशेब असा होता: मोठ्यांचं काही फाटत नाही, फाटतं ते फक्त माझं. हा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता. जे कुणी दाखवलं नाही, त्यातून तो तयार झाला होता.

फ्रॉस्ट यांच्याच गटाने १९९१ मध्ये कॉलेजातल्या मुली आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास केला होता. त्यात आईच्या परफेक्शनिझमचा मुलीच्या परफेक्शनिझमशी संबंध दिसला, वडिलांच्या नाही. याचा अर्थ ‘सगळं आईमुळे’ असा लावू नका. तो तिथल्या मुलींचा अभ्यास होता. मुलगे, एकत्र कुटुंब, आजी, काका, शेजारच्या वाड्यावरची आत्या, हे आपलं गणित त्यात नव्हतं. तुमच्या पत्रावरून तर मला बाबांकडे पाहावंसं वाटतं.

बाबांबद्दल मी आदराने बोलते आहे. गोव्यात मराठी टिकली ती अशाच प्राथमिक शिक्षकांच्या लाल पेनाने, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं स्वतःचं शुद्धलेखन अशाच एका गुरुजींचं देणं आहे. पण शाळेतलं लाल पेन घरी आलं की त्याचं काम बदलतं. शाळेत चूक दाखवली जाते ती तीस मुलांच्या वह्यांत आणि घंटा झाली की विषय संपतो. घरी मुलाने पाठवलेल्या व्हॉट्सअॅप निरोपात, वाणसामानाच्या यादीत, वाढदिवसाच्या कार्डावरही एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होऊन आला, तर मुलाला वाटतं की आपलं काहीही आधी तपासलं जातं आणि मग वाचलं जातं. तुमच्याकडे नेमकं असं झालंय असं मी म्हणत नाही. तुम्ही आठवून पाहा. आणि तो गुण मुलात उतरला असं कौतुक होत होतं, तेव्हा मुलाने त्यातून काय उचललं असेल तेही पाहा: मी या घरचा आहे तो न चुकण्यामुळे.

दुसरी जागा म्हणजे घराचं गप्प होणं. ‘आम्ही कधी बोललो नाही’ असं सांगणारे आईवडील खरंच बोललेले नसतात. ९६ ऐवजी ८८ आले, कुणी शब्द काढला नाही. पण टीव्हीचा आवाज कमी झाला, बाबा अंगणात तुळशीपाशी जास्त वेळ उभे राहिले, आईने ‘जेव’ एवढंच म्हटलं, आणि मावशीचा फोन आला तेव्हा निकालाचा विषय निघालाच नाही. जी बुद्धी गणितातला सूक्ष्म नमुना पकडते, तीच बुद्धी घरातला हा नमुनाही पकडते. अशा मुलांना घराचं हवामान फार लवकर कळतं. अवी असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी यांनी २००४ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात हेच विचारलं होतं: चांगलं केल्यावर आईवडिलांची माया वाढते आणि न केल्यावर कमी होते असं जाणवत होतं का? ज्यांना तसं जाणवत होतं, ती मुलं अभ्यास करत होती, पण आतल्या सक्तीने. यशाचं समाधान त्यांना थोडाच वेळ पुरायचं, आणि आईवडिलांबद्दल मनात राग साचलेला असायचा. हा राग तुमच्यासारख्या प्रेमळ घरांतली मुलं स्वतःजवळही कबूल करत नाहीत, आणि तो आत वळतो.

काही घरांत तर मुलाला ओझं दिल्याचं कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. डिचोलीकडचा एक मुलगा होता. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता, वडिलांचे खनिज वाहणारे दोन ट्रक दारात उभे राहिले. मध्ये थोडं सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा बंद. हप्त्यांबद्दल घरात मोठ्याने कधी बोलणं झालं नाही. फक्त बँकेचा माणूस आला की आई त्याला अभ्यासाच्या खोलीत पाठवायची आणि दार ओढून घ्यायची. त्याने भिंतीला पाठ लावून, पुस्तक उघडं ठेवून ते सगळं ऐकलेलं होतं. मला म्हणाला, ‘मॅडम, माझ्याकडे चुकायला पैसे नाहीत.’ त्याच्या आईवडिलांनी हे वाक्य ऐकलं तेव्हा दोघंही हबकली. त्यांनी तर दार त्याला वाचवायला लावलं होतं.

आणि घराबाहेरचा गोवा. आपलं राज्य लहान. दहावीचा निकाल लागतो त्या संध्याकाळपर्यंत टक्के वाड्यावर, देवळात, बाजारात पोचलेले असतात. समाजाचा गुणगौरव सोहळा होतो, शाल-श्रीफळ मिळतं, कोपऱ्यावर फोटोसह फ्लेक्स लागतो. मी याच्या विरोधात नाही. लेकराचं कौतुक गावाने करावं यासारखी चांगली गोष्ट नाही. पण फ्लेक्सवर चढलेल्या मुलाला खाली उतरायला जिना नसतो, एवढं मोठ्यांनी ध्यानात ठेवावं. आणि हे फक्त आपल्याकडे चाललंय असंही नाही. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. ‘लोक माझ्याकडून परिपूर्णता मागताहेत’ ही भावना त्या काळात ३३ टक्क्यांनी वाढली होती, बाकीचे दोन प्रकार त्यापेक्षा कमी. म्हणजे काळच असा आहे. तेव्हा नातेवाइकांनी सगळं तुमच्या दारात आणून टाकलं, ते मनाला लावून घेऊ नका.

आता करायचं काय.

‘मार्कांचं काही नाही रे’ हे वाक्य कृपा करून म्हणू नका. अठरा वर्षं मार्कांचं होतं हे त्याने पाहिलेलं आहे. तुम्ही ते म्हणाल तेव्हा त्याला एवढंच ऐकू येईल की माझ्याकडून आता अपेक्षाही उरली नाही. अपेक्षा काढून घेतल्याने मुलं सुटत नाहीत, उलट पोरकी होतात. अपेक्षा राहू द्या. ती पुरी झाली नाही तर घरात नेमकं काय घडेल, हे मात्र त्याला दिसू द्या.

ते दाखवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तुमची स्वतःची खरी चूक, तपशिलासह. एका बँक अधिकाऱ्याचा मुलगा माझ्याकडे येत होता. चौथ्या भेटीला वडील आले. मी त्यांना विचारलं, तुमचं कधी काही राहिलं होतं का? बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले की ते स्वतः इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला नापास होऊन सोडून आले होते आणि मग बीकॉम केलं. घरात ही गोष्ट बायकोला माहीत होती, मुलाला नव्हती. मुलाने मार्क किती पडले, कुठला विषय, असलं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, ‘आजोबा काय म्हणाले?’ वडील म्हणाले, ‘चार महिने बोलले नाहीत माझ्याशी.’ खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मग मुलगा म्हणाला, ‘पपा, माझा एक नाही, दोन विषय राहिलेत.’ ते दुसऱ्या विषयाचं त्याने तोवर मलाही सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरी बाबांकडे अशी एखादी गोष्ट असणारच. ती त्यांनी सांगावी. पण ‘आणि मग मी जिद्दीने उभा राहिलो’ असं शेपूट तिला जोडू नये. शेपूट जोडलं की ती पुन्हा यशाचीच कथा होते. त्या दिवशी काय वाटलं, कुणाला तोंड दाखवायची लाज वाटली, तिथवर सांगावं आणि थांबावं.

रोजच्या लहान गोष्टी यापेक्षाही उपयोगी पडतात. फोनवर ‘जेवलास?’ नंतरचा दुसरा प्रश्न ‘रिझल्ट कधी?’ असतो का, पाहा. असेल तर महिनाभर तो प्रश्न तुमच्याकडून निघूच देऊ नका. निकाल त्याला सांगायचा असेल तेव्हा तो सांगेल. बाबांनी त्याच्या निरोपातली चूक दिसली तरी आधी निरोपाला उत्तर द्यावं, आणि चूक तशीच राहू द्यावी. त्यांना हे सुरुवातीला फार जड जाईल, हे मला ठाऊक आहे. तुमच्या हातून काही बिघडलं तर ते लपवू नका. आमटी खारट झाली, बिल भरायचं राहिलं, तर ‘हे माझ्याकडून राहिलं’ म्हणा आणि पुढच्या कामाला लागा. माफीचा पाढाही नको.

कौतुकाबद्दलही थोडं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे १९९८ चे प्रयोग पुष्कळांना माहीत आहेत: ‘तू हुशार आहेस’ असं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली, अपयशानंतर ती जास्त खचली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते फुगवून सांगितले, मेहनतीचं कौतुक झालेली मुलं तुलनेने टिकून राहिली. पण ‘मेहनतीचं कौतुक करा’ हा मंत्र झाला आहे आणि नुसत्या मंत्राने वीस वर्षांचा मुलगा बदलत नाही. त्याच्या कामात तुम्हाला खरा रस असेल तर कौतुकापेक्षा विचारणं बरं: ‘यात कुठे अडलास? ते मला समजेल असं सांग बघू.’ तुम्हाला समजलं नाही तर तसं सांगा. आईला एक गोष्ट कळली नाही आणि तिचं काही बिघडलं नाही, हे त्याला तिथल्या तिथे दिसेल.

जर्नलचं काम त्याचं आहे, पण त्याला मदत लागेल. आम्ही अशा मुलांबरोबर जे करतो ते साधारण असं असतं. एक लहानसं काम निवडायचं आणि वेळ आधी ठरवायची, समजा दोन तास. वेळ संपली की असेल तसं ते द्यायचं. देण्याआधी कागदावर लिहायचं: काय होईल असं वाटतं? मुलं लिहितात, ‘सर सगळ्यांसमोर दाखवतील’, ‘त्यांना कळेल की मी मुळात हुशार नाहीच.’ मग आठवड्याने खाली लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं. बहुतेक वेळा सरांनी सही केलेली असते आणि बाकी काहीच झालेलं नसतं. एकदा असं करून भीती जात नाही. दहा-बारा वेळा करावं लागतं, हळूहळू मोठ्या कामांकडे जावं लागतं, म्हणून यासाठी समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ सोबत असलेला चांगला. राहिलेला विषय तो पुढच्या खेपेला काढेल. त्यासाठी त्याला न विचारता कॉलेजात सरांना फोन करू नका. तुम्ही काळजीपोटी कराल, त्याला मात्र तो आपल्यावरचा निकाल वाटेल.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. झोप पार उडाली असेल किंवा दिवसभर झोपूनच असेल, जेवण तुटलं असेल, मित्रांचे फोन घेत नसेल, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. असलेला विचार बोलायला मात्र जागा मिळते. ही मुलं फार शिताफीने लपवतात, कारण मदत मागणं हीच त्यांना सर्वांत मोठी चूक वाटते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, घेऊन जा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येतं. सेवा चोवीस तास आहे, मोफत आहे, मराठीतही बोलतात. तिथे फोन केल्याने गावात काही कळत नाही, हेही त्याला सांगा. आपल्याकडे मुलं अडून बसतात ती याच भीतीने.

चवथीचं विचारलंत. घरी माणसांचा राबता असेल आणि ‘मग, कितवं वर्ष? पॉइंट किती?’ हे होणारच. तो घरी पोचण्याआधीच फोनवर विचारून ठेवा: ‘कुणी विचारलं तर मी काय सांगू?’ तो जे म्हणेल तेच सांगा, एक शब्द जास्त नको, आणि त्याच्याऐवजी तुम्हीच पुढे होऊन सांगा. ‘एक विषय राहिलाय, करतोय’ असं त्याला चालणार असेल, तर तुम्ही आरतीच्या पेटीवाल्या काकांना ते नेहमीच्या आवाजात सांगितलेलं त्याने ऐकावं. आवाज पडू देऊ नका, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आणि माटोळी, गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची ती चौकट, त्याला बांधू द्या. बाबांनी शिडी धरावी. सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, कांगलां तो त्याच्या मनाने बांधेल, एक बाजू जड होईल, मध्ये कुठे मोकळी जागा दिसेल. रात्री तो झोपायला गेल्यावर कुणी शिडी लावून ते सारखं करू नका. सकाळी उठल्यावर तो आधी तिकडेच पाहील.